मार्थाबाई पल्याड गेली

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्या अजून परकरात होत्या तेव्हा, उंबरखड्याच्या माळावर मार्थाबाई खरात नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा विहिरी खणायचा. तो पटकीच्या साथीत गेला, आणि त्याची पहार मार्थाबाईनं उचलली. ती भुईला कान लावायची आणि खालचं पाणी तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण तिनं खणलेली विहीर कधी आटली नाही, हे तर तिचे वैरीही सांगायचे.

एका रविवारी चर्चमध्ये उपासनेला एक म्हातारे पाहुणे आले. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहून आलेले मिशनरी. त्यांनी तिकडच्या एका गावाची हकीकत सांगितली. त्या गावाचं नाव आपल्या जिभेला वळत नाही, म्हणून आपण त्याला पल्याडचं गाव म्हणतो. तिथे माणसं आणि गुरं एकाच डबक्यातलं पाणी पीत. डबकं आटत आलं की घराघरात लेकरं हगवणीनं जात.

उपासना संपली तरी मार्थाबाई उठेना. मग म्हणाली, "विहीर नाही का तिथे?"

"खाली नुसता खडक आहे, बाई."

"खडक आमच्याकडेही आहे. मी येते फोडायला."

लोक हसले. पाळक शीलास बोर्डे हसले नाहीत, पण म्हणाले, "मार्थाबाई, आपल्या गावात काय दुःखं कमी आहेत?"

"कमी कुठली? पण पाळकसाहेब, मोठ्या दुष्काळात ज्यांनी आपल्याला पेज पाजली, ते मिशनरी समुद्र ओलांडून आले होते. त्यांच्या गावातली दुःखं सरली होती म्हणून का आले?"

दुसऱ्या सकाळी पाळकसाहेब स्वतःच तिच्या दारात उभे. म्हणाले, "पहार मारता येत नाही मला. पण मातीच्या पाट्या उचलीन."

अशी पाचसहा माणसं पाहुण्यांबरोबर गलबतात बसली. भर समुद्रात वादळ उठलं. मार्थाबाईनं डोलकाठीला पाठ लावून भजन धरलं, आणि भजन संपेपर्यंत एकाही लाटेनं मान वर केली नाही, असं म्हणतात.

पल्याडच्या गावात पोहोचले, तर गाव रिकामं! चुली गरम, आणि माणूस एक नाही. एका झोपडीपुढे तेवढी एक म्हातारी बसलेली. तिला पळवत नव्हतं. तिचं नाव नेमा.

पाहुण्यांना तिकडची बोली यायची. त्यांनी विचारलं, "सगळे गेले कुठे?"

नेमा म्हणाली, "रानात. गलबतातून येणारे दोरखंड आणतात आणि आमची माणसं बांधून नेतात. माझे दोन लेक नेले. तुमच्याकडेही दोरखंड आहे."

मार्थाबाईनं खांद्यावरच्या दोराकडे पाहिलं. तो विहिरीत उतरायचा दोर. पण हे कुणाला आणि कसं पटवायचं? तिनं त्याचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं नेमाच्या हातात दिलं.

"सांगा तिला," ती पाहुण्यांना म्हणाली, "आता मी हिच्या हातात आहे."

नेमानं दोर मुठीत धरला. मार्थाबाईनं भुईला कान लावला, जागा धरली आणि पहार घातली.

दिवसामागून दिवस गेले. खड्डा पुरुषभर झाला, दोन पुरुष झाला. झाडांआडून डोळे बघत होते. कुणी जवळ येईना. मार्थाबाईचे तळहात फुटले, तिनं त्यांना चिंध्या गुंडाळल्या. आणि एका दुपारी वरची कड ढासळली.

ती छातीपर्यंत गाडली गेली. श्वास घेता येईना, पाय जागचा हलेना. प्रार्थना करायची तर एक शब्द आठवेना. 'कशाला आले मी इतक्या लांब मरायला?' एवढंच तिच्या मनात आलं.

पाहुणे आणि बाकीचे लाकडं आणायला गेले होते, वर नेमाशेजारी पाळकसाहेब एकटेच होते. ते दोर ओढत होते, नेमा ओढत होती, आणि दोघांच्यानं काही होईना. तेव्हा नेमानं रानाकडे तोंड करून हाक मारली. ती हाक ऐकून झाडांवरची पानं गळाली, असं म्हणतात.

आणि रान चालत आलं. पुरुष आले, बाया आल्या. कुणी दोराला लागलं, कुणी खाली उतरून हातांनी माती उपसली. मार्थाबाईला वर काढलं तेव्हा तिचा डावा पाय चेचला होता. नेमानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या घरचं पाणी तिला पाजलं. ते डबक्यातलं गढूळ पाणी. मार्थाबाई ते घोटाघोटानं प्याली, आणि मग रडली.

"आपण यांना वाचवायला आलो होतो ना, पाळकसाहेब?"

"होय."

"मग आता सगळे मिळून खणू. मला टोपल्यात बसवून खाली सोडा."

"या पायानं?"

"पहार काय पायानं मारतात?"

पाय बांधून ती खाली उतरली. तिनं छिन्नी धरली आणि गावच्या माणसांनी आळीपाळीनं घण घातले. शेवटी खडक फुटला, तेव्हा इकडे उंबरखड्यात चर्चची घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. खडकाच्या भेगेतून पाणी आलं. गार, नितळ, गोड.

मार्थाबाई लंगडत घरी परतली. पण ती घरी टिकली थोडीच! जिथून पाण्याची हाक आली तिथे ती गेली, आणि तिची कबर नेमकी कुठल्या देशात आहे हे आज कुणालाच ठाऊक नाही.

उंबरखड्यात अजूनही कापणीचा सण झाला की काही माणसं निघतात. ख्रिस्ती निघतात, त्यांचे शेजारीही निघतात. कधी परमुलखात, कधी डोंगरापलीकडे, जिथे आपलं कुणी ओळखीचं नाही तिथे. जाऊन कुणी विहीर उपसतं, कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसतं. नेम एकच. कामाला हात लावण्याआधी त्या गावच्या एखाद्या घरी पाणी मागून प्यायचं.

आणि पल्याडच्या गावात, असं म्हणतात, त्या विहिरीचा पहिला घडा घरी नेत नाहीत. तिकडे आईला मामा म्हणतात. रोज सकाळी बाया पहिला घडा काढतात, "मामा मार्ता" म्हणतात, आणि वाटेनं जो कुणी परका येईल त्याच्या ओंजळीत ओततात.