बाहेर कोणी आहे का?

आमच्या घोडेमाळच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब भाकरीचे ताट घेऊन आधी दारात जातात आणि रिकाम्या अंगणाकडे पाहून तीनदा विचारतात, "बाहेर कोणी आहे का?" तुमच्यासारखे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसा बापडे, पण कारण ऐकून हसा.

फार पूर्वी पाळक लुकस साळवे घोड्यावरून अकरा गावे फिरत. त्यामुळे इथे प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदाच होई. आदल्या दिवशी तयारीची उपासना असे. भांडण करून ज्याने समेट केला नाही, त्याला भाकर नाही, असा साळव्यांचा दंडक. माणूस देवभोळा, पण नियमापुढे बापाचे ऐकणार नाही.

सलोमीबाई आणि राहेलबाई सख्ख्या जावा. विहिरीवर पाणी भरण्याच्या पाळीवरून सलोमीबाईच्या तोंडून राहेलबाईला वाकडा शब्द गेला. पुढे तिला क्षयाने धरले. तेव्हा क्षमा मागायला ती तीनदा राहेलबाईच्या दारी गेली म्हणे. दर वेळी कडी आतून लागलेली. तयारीच्या उपासनेत पाळकांनी विचारले, तर राहेलबाई म्हणाली, "ती आलीच न्हाई." साळव्यांनी ते खरे मानले. सलोमीबाई अंथरुणाला खिळलेली. तिच्याकडे जाऊन विचारावे, हे त्यांना सुचले नाही.

रविवारी ती भिंतीचा आधार घेत चर्चपर्यंत आली. साळव्यांनी तिला उंबऱ्यावरच थांबवले. "आधी समेट करा, बाई. मग पुढच्या वेळी."

"पाळकसाहेब, तीन महिनं मी काय काढत न्हाई," ती म्हणाली.

ते आत गेले. ती अंगणात बसून शेवटच्या आमेनपर्यंत सगळी उपासना ऐकत राहिली.

पुढच्या प्रभुभोजनापर्यंत तिच्या कबरीवर गवत उगवले होते. साळवे भाकर मोडणार, तोच राहेलबाई उभी राहिली. "ती आली व्हती. तीनदा. म्याच कडी काढली न्हाई."

असे सांगतात, की साळव्यांनी ताट उचलले, दारात गेले आणि अंगणाकडे पाहून हाक मारली. मग उंबऱ्यावरच बसून लहान पोरासारखे रडले. त्या दिवशी कोणीच भाकर घेतली नाही, आणि त्यानंतर इथे कोणाला भाकर नाकारली गेली नाही.

आजही तीन हाका झाल्याशिवाय आमच्याकडे भाकर मोडत नाहीत. दर हाकेनंतर सगळी मंडळी गप्प राहून वाट पाहते. राहेलबाई माझी पणजी. तिसरी हाक ऐकली, की मला मान वर करवत नाही.