चांदेसरची चिरमुखी नाणी

समोर हा राखेच्या रंगाच्या मातीचा उंचवटा दिसतो ना, ती आमची पांढर. जुनं गाव हिच्या पोटात आहे. पाऊस पडून गेला की वरची माती वाहते आणि खालचं एकेक वर येतं. खापऱ्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी आणि कधीमधी एखादं नाणं. तुम्ही नाशकाहून आलात ते त्या नाण्यांसाठीच, हे मला फोनवर सांगितलंत तुम्ही. ताईंनी भिंग आणलंय, ते बरं केलं.

या दोन नाण्यांवर धरा ते भिंग. समुद्रापलीकडच्या राजाचा चेहरा आहे. नाक, हनुवटी, डोक्यावर पानांचा मुकुट, सगळं कोरीव. आणि त्या चेहऱ्यावर आडवीतिडवी एक चीर. छिन्नी ठेवून वर हातोडा घातल्यासारखी. पांढरीत सापडलेल्या प्रत्येक नाण्याच्या तोंडावर ती आहे, म्हणून आम्ही त्यांना चिरमुखी म्हणतो. तुमच्यातले हे साहेब मघाशी म्हणाले, की अशी चिरलेली नाणी दुसरीकडेही मिळतात, आणि आत तांबं आहे की काय ते बघायला कोणीतरी ती चिरली असावीत. असेल तसं. तुमचा अभ्यास आहे. आमच्या गावात जे सांगतात ते मी सांगतो. मी भालचंद्र पोतदार. ज्याची ही गोष्ट आहे तो आमचा मूळपुरुष, असं आमच्या घरात मानतात.

तेव्हा चांदेसर मोठं पेठेचं गाव होतं म्हणे. बंदराकडून घाट चढून बैलांचे तांडे यायचे. इथलं तलम कापड समुद्रापार जायचं आणि तिकडचे व्यापारी, त्यांना यवन म्हणत, बदल्यात चांदीची नाणी द्यायचे. ते नाणं खरं की खोटं हे सांगायला गावात एक पारखी होता. त्याचं नाव धमदेव. त्याने होकार दिला की नाणं पेठेत चालायचं, नकार दिला की मालकाकडे परत. राजाची मोहर नव्हती, लिहिलेला कागद नव्हता. धमदेवाचा शब्द एवढंच काय ते होतं.

धमदेवाला नाण्यांवरची अक्षरं वाचता येत नव्हती. पण चेहरे त्याला पाठ होते. तिकडच्या राजांची नावं ठाऊक नसल्यामुळे त्याने स्वतःच नावं ठेवली होती. एक जाडमान्या, एक कुरळ्या, एक रुसलेला म्हातारा, एक लांबनाक्या. नाणं दगडावर टाकून तो आवाज ऐकायचा, ओठांना लावून गारवा बघायचा, कडेवरून नख फिरवायचा. मग घरी येऊन आपल्या फळीशी ताडून बघायचा.

ही फळी त्याचा जीव होती. सागाची, हातभर रुंद, तिच्यात एक्केचाळीस खळगे कोरलेले आणि प्रत्येक खळग्यात वेगळ्या चेहऱ्याचं एकेक नाणं. कोणता राजा आधीचा, कोणता नंतरचा, कोणाचा मुलगा कोणासारखा दिसतो, हे त्याने नुसतं बघून बघून लावलं होतं. पहिल्या खळग्यातलं नाणं लांबनाक्याचं. धमदेव लहान असताना वडिलांनी ते त्याच्या हातावर ठेवलं होतं आणि म्हणाले होते, आधी चेहरा ओळखायला शीक. म्हणून इतर गावचे पारखी संशय आला की नाणं कापून बघत, तसं धमदेवाने कधी केलं नाही. कापलं की चेहरा जातो. त्याचा हात धजायचा नाही.

एका वर्षी एक यवन व्यापारी आला आणि विणकरांचं सगळं कापड एकटा घेऊन गेला. नाण्यांची थैली धमदेवाने तपासली आणि चांगली म्हणून सांगितली. बहुतेक नाणी लांबनाक्याचीच होती. पुढे पावसाळ्यात एका विणकराच्या बायकोने धान्याच्या पेवात पुरून ठेवलेली नाणी बाहेर काढली, तर ती हिरवी पडलेली. बोटाने चोळली तशी चांदी सालीसारखी सुटली आणि आत तांबं निघालं. मग ज्याने त्याने आपली नाणी बघितली. घराघरांत तेच.

तो व्यापारी दुसऱ्या खरेदीसाठी घाटाखाली येऊन थांबला होता. त्याला खोटा म्हणावं तर पेठेचा धंदा बसणार, आणि थैली चांगली म्हणणारा धमदेवही खोटा ठरणार. अशा वेळी लोकांना जवळचा माणूस लागतो. तांबट आळीत मल्ल नावाचा कारागीर होता. दक्षिणेकडून तरुणपणी येऊन इथे स्थायिक झालेला. तांब्यावर चांदीचा मुलामा चढवणं त्याच्याइतकं कोणाला जमत नसे. त्याच्या घरात तसलीच काही नाणी सापडली. भांडी विकून आलेली होती ती, जशी सगळ्यांकडे आली होती. पण मुलामा येतो त्याच्याच घरी मुलाम्याची नाणी, म्हटल्यावर लोकांना आणखी काही नको होतं.

नगराच्या सभेने मल्लाला उभं केलं आणि धमदेवाला बोलावलं. नगरशेठने नाणं त्याच्या हातावर ठेवून विचारलं, हे समुद्रापलीकडचं, की इथे पाडलेलं?

धमदेवाने नाणं उजेडात धरलं. लांबनाक्याच्या कानाच्या पाळीवर दोन बारीक टिपके होते, थैली तपासताना नजरेतून सुटलेले. असे टिपके त्याने आयुष्यात एकाच नाण्यावर पाहिले होते, त्याच्या फळीतल्या पहिल्या खळग्यात. म्हणजे दोन्ही एकाच ठशाची. त्या क्षणी त्याला सगळं कळलं की नाही, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. माझे आजोबा म्हणत, कळलं होतं. माझे वडील म्हणत, त्याने स्वतःला कळू दिलं नाही.

मल्ल शांतपणे म्हणाला, "धमदेवा, माझ्या नाण्याकडे बघून काय होणार? तुझ्या फळीतला लांबनाक्या आण. मी या गावात पाऊल ठेवायच्या आधीपासून तो तुझ्याकडे आहे. तो काप. आत चांदी निघाली तर मी गुन्हेगार."

सभा धमदेवाकडे बघत राहिली. धमदेव म्हणाला, "त्याची गरज नाही. हे यवनाचं नाणं नाही."

एवढंच तो बोलला. खोटं नाणं पाडणाऱ्याचा उजवा पंजा तोडायचा, असा तेव्हाचा कायदा होता. तो त्याच दिवशी अमलात आला.

त्यानंतर तांबट आळीतली ठोक्यांची टणटण थांबली. इतर तांबट होते, पण ते लांब दुसऱ्या टोकाला. धमदेवाच्या घराला लागून होता तो मल्लाचाच कारखाना. सकाळी उठल्यापासून दिवस मावळेपर्यंत जो आवाज कानांवर पडायचा, तो नाही. धमदेवाची बायको नागिला मल्लाने घडवलेल्या तपेल्यात भात शिजवायची. तिने ते तपेलं उचलून माळ्यावर ठेवलं आणि मातीच्या मडक्यात भात लावायला लागली. तिला नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली की त्या भांड्यातलं अन्न घशाखाली उतरत नाही.

कामात त्याचं लक्ष लागेना. पेठेत कोणी नाणं पुढे केलं की त्याला चेहऱ्याऐवजी कानाची पाळी आधी दिसायची. घरी आला की फळी काढायचा, लांबनाक्या तळहातावर घ्यायचा. तो बाकीच्यांपेक्षा गुंजभर हलका होता. हे त्याला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. जुना आहे, झिजलाय, असं तो मनाशी म्हणत आला होता. पण नाकाची कड अजून धारदार होती. झिजलेल्या नाण्याचं नाक आधी जातं, हे तर त्यानेच चार शिकाऊ पारख्यांना शिकवलं होतं.

असे तीन महिने गेले. मग एका दुपारी नागिला विहिरीवर गेलेली असताना त्याने नाणं पाट्यावर ठेवलं, छिन्नी टेकवली आणि हातोडा घातला. चीर बरोबर गालावरून गेली. आत लाल तांबं होतं.

तो तसाच उठून शेजारच्या घरात गेला. मल्ल ओट्यावर बसून डाव्या हाताने भाता ओढायची सवय करत होता. धमदेवाने कापलेलं नाणं त्याच्यापुढे ठेवलं आणि आपला उजवा हात पुढे केला. म्हणाला, "हा घे. मी सभेला सांगतो, कायद्याने तो तुझाच आहे."

मल्लाने नाणं उचलून बघितलं. मग म्हणाला, "तुझ्या हाताने मला घागर घडवता येणार आहे का? हात तुझ्याजवळ ठेव. ज्यांच्यासमोर तू ते बोललास, त्यांच्यासमोर जाऊन हे बोल."

दुसऱ्या दिवशी भर बाजारात धमदेवाने फळी मांडली. नगरशेठने त्याला बाजूला घेऊन समजावलं म्हणे, की झालं ते झालं, पंजा काही परत येत नाही, कशाला पेठ बुडवतोस. धमदेवाने ऐकलं नाही. लोकांसमोर त्याने जाडमान्याला चिरलं, कुरळ्याला चिरलं, रुसलेल्या म्हाताऱ्याला चिरलं. एक्केचाळीसपैकी नऊ नाण्यांत तांबं निघालं. बत्तीस अस्सल होती, त्यांचेही चेहरे गेले. प्रत्येक घावाला तो सांगत होता की हे कोणाकडून आलं, कोणत्या सालात आलं, आणि तेव्हा मल्ल कुठे होता.

गर्दी खवळली. आता याचा पंजा तोडा, असं लोक म्हणायला लागले. हीच माणसं तीन महिन्यांपूर्वी मल्लाबद्दल तेच म्हणत होती. मल्ल पुढे आला. त्याने सांगितलं की आणखी एक हात गेला तर गावात नुसते दोन थोटे होतील. मग त्याने दोन गोष्टी मागितल्या. एक, इथून पुढे चांदेसरात कोणतंही नाणं चिरल्याशिवाय चालणार नाही, मग त्यावर कोणाचाही चेहरा असो, आणि चिरणारा हातोडा त्याच्या घराचा असेल. दुसरी गोष्ट त्याने धमदेवाकडे वळून सांगितली.

"तू आणि तुझ्या घरातला कोणी यापुढे साक्ष द्यायची नाही. माझ्या घरातून कोणी स्वतः येऊन 'बोल' म्हणेल, त्या दिवशी बोला."

सभेने दोन्ही मान्य केलं. पण एका हाताच्या माणसाने छिन्नी धरायची कशी आणि हातोडा मारायचा कसा? छिन्नी धमदेवाने धरली. मल्ल डाव्या हाताने हातोडा मारायचा. सवय नव्हती, घाव चुकायचे, धमदेवाची बोटं फुटायची, नखं काळी पडायची. त्याने छिन्नी सोडली नाही. मल्ल चुकून मारतो की मुद्दाम, हे कोणी विचारलं नाही. चिरा अशा वेड्यावाकड्या आहेत त्या त्यामुळे, असं सांगतात. वीस वर्षं ते दोघं रोज सकाळी समोरासमोर बसले. त्या वीस वर्षांत त्यांच्यात एका शब्दाचंही बोलणं झालं नाही.

गावाचं मात्र वाईट झालं. आपल्या राजाच्या तोंडावर घाव घालतात म्हणून यवन चिडले. तांडे दुसऱ्या घाटाने जायला लागले. विणकर माग मोडून निघून गेले, त्यांच्यामागे पेठ गेली, आणि उरलं ते या मातीखाली गेलं. धमदेव गप्प राहिला असता तर चांदेसर आज शहर असतं, असं म्हणणारे अजून आहेत. माझ्या लहानपणी पारावर यावरून भांडणं व्हायची.

जे राहिले त्यांत ही दोन घरं होती. आजही गावात लग्न असलं की नवरीच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी, म्हणजे नाण्यासारखी सोन्याची चकती, चिरतात. छिन्नी आम्ही पोतदारांनी धरायची, हातोडा मल्लाच्या वंशातल्या तांबटांनी डाव्या हाताने मारायचा. त्यांच्याकडे आता सुंदराकाकू एकट्याच आहेत, पंचाहत्तरी उलटली त्यांची. घाव मात्र नेमका पडतो.

आणि आमच्या घरातला माणूस आजही साक्ष देत नाही. सही लागली तर दुसऱ्याची घेतात, पंचनाम्याला दुसऱ्याला बोलावतात. लोक विसरून विचारतात कधी, आम्ही मान हलवतो.

चार वर्षांपूर्वी कालव्यासाठी मोजणी झाली. काकूंच्या परड्याची हद्द कुठून जाते ते सांगणारं जुनं माणूस गावात एकच राहिलं होतं, ते म्हणजे मी. मोजणीवाल्यांनी विचारलं, इथलं कोणी जाणतं आहे का. मी माझ्या ओट्यावर बसलो होतो. काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो, पायांत चपलाही घातल्या.

काकू मोजणीवाल्यांना म्हणाल्या, "तुम्हाला हद्द दिसते तिथे दगड रोवा."

तो दगड आजही तिथे आहे. खऱ्या हद्दीपासून दोन हात आत.