एका आवाजाच्या घंटा

समोर दिसते ती चाकोरीची खिंड. गाड्यांच्या चाकांनी कातळात पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या बघा, अजून तशाच आहेत. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. वळणापलीकडची गाडी दिसायची नाही, बैलांच्या गळ्यातली घंटा ऐकूनच वाट द्यायची. घंटा नसेल तर दोन्ही गाड्या दरीत. तुमचे कॅमेरे आत्ता आले हो, त्या काळी कान हाच पहारा.

घंटा ओतायचा नागू ओतारी. त्याच्या हातची एक घंटा दुसरीसारखी वाजत नसे, असे सांगतात. खिंडीत नाद उठला की आमच्या या खडकेवाडीतली बाई आपला धनी बरोबर ओळखायची आणि तवा चुलीवर ठेवायची. पण कान काय बायकांनाच असतात? दरोडेखोरही ओळखू लागले. सराफाची गाडी कुठली, रिकामी कुठली, कड्यावर बसल्या बसल्या कळायचं. गाड्या लुटल्या, माणसं मेली.

मग नागूने सगळ्या घंटा वितळवल्या आणि एकाच साच्यातून नव्या ओतल्या. बायका चिडल्या. त्याची बायको गोजरा म्हणाली, "सटवा आपला एकुलता एक. त्याची गाडी आता मी वळखू कशी?"

"जित्ता घरी येतोय न्हवं? मग वळखायचं कशापायी?" नागू म्हणाला.

आणि झालंही तसंच. पेंढ्याच्या गाड्या अडवून अडवून दरोडेखोर कंटाळले, म्हणे, आणि खिंड सोडून गेले. गावाने नागूला डोक्यावर घेतलं. तोही जरा चढलाच.

एका तिन्हीसांजेला खिंडीत घंटा वाजू लागली. पुढे सरेना, थांबेना. घरोघरी बायकांनी कान दिला आणि म्हणाल्या, असेल कुणाची तरी. नागू जेवायला बसला होता. गोजराला म्हणाला, "ऐक, काय घुमतीया माझी घंटा." पोटभर जेवला आणि निजला.

उजाडल्यावर माणसं गेली. गाडीचा आस मोडला होता आणि सटवा चाकाखाली होता. अंग अजून कोमट होतं. बैल जागच्या जागी माना हलवत उभे होते.

नागूने ती घंटा स्वतःच्या हाताने दरीत भिरकावली. त्याच दिवशी तिन्हीसांजेला खिंडीत ती पुन्हा वाजू लागली, आणि या वेळी गावाकडे सरकत आली. घरोघरी दारं लागली. नागू तेवढा उंबऱ्याबाहेर आला आणि ऊर फुटेस्तोवर ओरडला, "आमचाच हाय! आलो रं, आलो!" तेव्हा कुठे ती थांबली. मग शेजारणीने दार उघडलं आणि तीही तेच ओरडली.

आजही खिंडीत गाडी नाही, बैल नाही, तरी घंटा वाजते आणि दारादारातून हाक जाते, "आमचाच हाय!" राहणार आहात ना आज? मग तुम्हालाही वाजलेली ऐकू येईल. कुणाची म्हणून विचारत बसू नका, हाक द्या.