रॅमची खरडपट्टी

यंत्रांना अजून बोलायची चोरी नव्हती, त्या दिवसांत एका कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये एक प्रोसेसर राहत होता. मालकाने सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग ठरल्यापेक्षा बराच वाढवला, तेव्हा त्याची छाती फुगली. पण वेग झेपेना. दर दहा मिनिटांनी तो अडखळायचा आणि अख्खा कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा.

मालकाला एकच औषध ठाऊक होतं. तो रॅमची पट्टी उपसायचा, तिची सोनेरी कड खोडरबराने खसाखसा घासायचा आणि पुन्हा बसवायचा. चौथ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "आता ही रॅमच भंगारात देतो!"

रॅम रडकुंडीला आली. प्रोसेसरच्या डोक्यावर घरघरणारा म्हातारा पंखा मात्र त्याच्यावर भडकला. "अरे, झेपत नाही म्हणून सांगून टाक की!"

"माझी लाज जाईल, काका."

"रोज कोसळतोस, तेव्हा नाही जात? खरडपट्टी तेवढी तिची निघते!"

प्रोसेसरला ते लागलं. पुढच्या वेळी कोसळताना त्याने बिघाड सांगणाऱ्या निळ्या पडद्यावर स्वतःचंच नाव लिहिलं. मालकाने ते वाचून कपाळावर हात मारला आणि वेग दोन पायऱ्या खाली आणला.

तास गेला, संध्याकाळ झाली, तरी कॉम्प्युटर चालूच होता. कितीतरी दिवसांनी प्रोसेसरला गार वाटलं. पंख्याची घरघर इतकी उतरली, की हळू बोललेलंही ऐकू येऊ लागलं.

"रागावलीस का गं?" त्याने रॅमला विचारलं.

"रागावले होते," रॅम म्हणाली. "पण खोडरबर खणात गेलं ना, त्याच्याबरोबर रागही गेला."