गुणी पिल्लं

फार जुनी नाही, गावात पहिली पिठाची गिरणी बसली तेव्हाची गोष्ट. शेताच्या बांधावर राहणारी एक उंदरीण तिथे बिऱ्हाड हलवायला निघाली. शेजारची म्हातारी घूस म्हणाली, "पोरी, त्या घरघरीने कान जातील तुझे."

"सवय होईल गं मावशी. पीठ तर आयतं मिळेल!"

सवय झालीच. पुढे चक्कीमागच्या चिंध्यांत तिला पाच पिल्लं झाली. एके दिवशी वीज गेल्यामुळे गिरणी बंद होती, तेव्हा घूस बाळंतिणीला भेटायला आली.

"बघ, कान शाबूत आहेत माझे. तुझा घोगरा आवाज नीट ऐकू येतोय," उंदरीण हसली. "आणि पोरं इतकी गुणी, की कधी रडतच नाहीत!"

घूस दचकली. चार पिल्लं बारीक आवाजात जीव तोडून रडत होती. पाचवं घरट्यातून घरंगळून फळीखाली पडलं होतं, गार झालेलं.

"अगं, याने किती हाका मारल्या असतील तुला!"

उंदरीण धावली. तिने त्याच्या तोंडाला कान लावला, मग उरलेल्या चौघांच्या तोंडाला.

पाचही पिल्लं तिला सारखीच गप्प वाटली.