जैतूनबीनं काय पाहिलं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी अजून दीपस्तंभ उभा राहिला नव्हता आणि गलबतं मशिदीचा पांढरा मिनार बघून आत वळायची, तेव्हाची. आमच्या सावरशेतात जैतूनबी नावाची बाई राहत असे. तिची गोष्ट गावात मान वर करून कुणी सांगत नाही. मीही खाली मान घालूनच सांगणार आहे.

जैतूनबी बायकांच्या मय्यतीला गुस्ल द्यायची, म्हणजे दफनाआधीची शेवटची आंघोळ घालायची. बाईला बाईनं धुवायचं, अंगावरची चादर ढळू द्यायची नाही, उजव्या बाजूनं सुरुवात करायची, पाण्यात बोरीची पानं घालायची, शेवटच्या पाण्यात कापूर, अशी सगळी रीत. तिच्या घरामागे बोरीचं झाड होतं, त्याचीच पानं ती वापरी. असं म्हणतात, तिचा हात फिरला की मेलेल्या बाईच्या कपाळावरच्या आठ्या उतरायच्या, आणि म्हाताऱ्या आईला आपली लेक पुन्हा कुवार पोरीसारखी दिसायची.

या रीतीत आणखी एक गोष्ट होती. धुताना जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही. जो मय्यतीला धुतो आणि दिसलेलं झाकतो, त्याला अल्लाह माफ करतो, असं पैगंबरसाहेबांचं सांगणं. गावातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. ठाऊक असून जे झालं ते झालं.

दाऊद नाखवा गावातला मोठा माणूस. खाडीत त्याची गलबतं असत. त्याची बायको शहरबानू भरल्या वयात वारली, पदरी दोन लहान मुली ठेवून. बरेच महिने ती अंथरुणाला खिळलेली होती. अंगभर कपडे घालून, गळ्यापर्यंत चादर ओढून पडलेली असायची, कुणाला जवळ बसू द्यायची नाही. ती गेली तशी जैतूनबीला बोलावणं गेलं. मदतीला घरच्या दोन बायका आत गेल्या. जैतूनबीनं चादरीखाली हात घालून शहरबानूची कुडती सोडवली, आणि एकदम थांबली.

"तुम्ही बाहेर जा गो," ती म्हणाली. "मी एकटी करते."

बायका बाहेर आल्या. आतून कडी लागली.

ती कडी निघाली तेव्हा शहरबानू कफनात होती, आणि तिची सासू मलिकाबी ओरडत होती, "माझ्या सुनेच्या हातातल्या पाटल्या कुठं गेल्या?"

सोन्याच्या जाड पाटल्या. लग्नात घातलेल्या. घर धुंडाळलं, अंथरूण झटकलं. पाटल्या नव्हत्या.

दफन उरकल्यावर गाव मशिदीच्या अंगणात जमलं. खतीबसाहेबांनी जैतूनबीला बोलावलं. हे यासीन खतीब विद्वान माणूस, जुम्म्याच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, कुराणातली ती आयत नेहमी सांगायचे, की फार संशय घेऊ नका, काही संशय म्हणजे पाप असतं, आणि पाठीमागे निंदा करणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. त्या दिवशी मात्र त्यांना ती आयत आठवली नाही.

"पाटल्या घेतल्यास?" त्यांनी विचारलं.

"अल्लाची शपथ, मी पाहिल्याही नाहीत."

"मग कडी का लावलीस?"

जैतूनबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"बायकांना बाहेर का काढलंस? काय लपवायचं होतं?"

"ते मय्यतीचं आहे, खतीबसाहेब. माझं नाही. मला सांगता येत नाही."

"बघा!" मलिकाबी म्हणाली. "चोरटीला आता मय्यतीचं नाव घ्यायला सुचतंय."

दाऊद नाखवा तिथंच खांबाला टेकून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. बायको गेलेली, म्हणून लोकांनी त्याला काही विचारलं नाही.

साक्षीदार कुणीच नव्हतं, आणि तरी निकाल लागला. त्या दिवसापासून जैतूनबीला कुणी मय्यतीला बोलावेना. विहिरीवर ती आली की बायका आपल्या घागरी तिच्या पाण्यापासून लांब सरकवत. ईदला तिच्याकडे शीरखुर्मा पाठवायचा राहून जाऊ लागला, मग मुद्दाम राहू दिला जाऊ लागला. कुणीतरी तिच्या घरामागची बोर बुंध्यापासून तोडली आणि फांद्यांचं कुंपण केलं. कुणी तोडली ते गावाला माहीत होतं. त्याचे नातू आजही आहेत, त्यांचं नाव मी घेत नाही.

तिची एक मावसबहीण होती, तीच तेवढी तिच्याकडे जायची. ती एकदा म्हणाली, "अगो, सांगून टाक ना काय दिसलं ते! मेलेल्या बाईला काय फरक पडतो?"

"तिच्या पोरी जिवंत आहेत," जैतूनबी म्हणाली. "पैगंबरसाहेबांच्या बीबी हजरत आयशांवर लोकांनी तोहमत घेतली, तर त्यांच्यासाठी आयत उतरली. माझ्यासाठी आता कुठली आयत उतरायची? मी आपला सब्र करते."

अशी बरीच वर्षं गेली. शहरबानूच्या मुली मोठ्या झाल्या, चांगल्या घरांत पडल्या, पलीकडच्या बंदरात नांदू लागल्या. जैतूनबीचे केस पिकले.

आणि मग पटकीची साथ आली. घरटी माणूस जाऊ लागलं. पुरुषांनी पुरुषांना कसंबसं धुतलं, पण बायकांना हात लावायला बाई पुढं येईना. पोटच्या लेकी उंबऱ्यावर उभ्या राहून रडत, आत पाऊल टाकत नसत. बोलावणं न येता जैतूनबी घराबाहेर पडली. ज्या दारातून तिला हाकललं होतं त्या दारात जाऊन ती म्हणायची, "पाणी तापवा." एवढंच. आत जायची, कडी लावायची.

असं म्हणतात, पहिल्याच दिवशी तिच्याकडची सुकी पानं संपली, आणि दुसऱ्या दिवशी त्या तोडलेल्या बुंध्याला हातभर धुमारे फुटले. वैशाख होता. गावातलं गवतसुद्धा वाळून गेलं होतं. ती पानं खुडायची आणि सकाळी तेवढीच पुन्हा यायची. असंही म्हणतात की ज्या घरात तिनं एक मय्यत धुतली, त्या घरातून दुसरी निघाली नाही.

मग मलिकाबी गेली. नाखव्याच्या घरी कुणी फिरकलं नाही. दाऊद एकटा ओटीवर बसला होता. त्याला वाटलं, इथं ती येणार नाही. आणि समोरून जैतूनबी पानांची टोपली घेऊन आली.

"पाणी तापवलंस?" तिनं विचारलं.

त्यानंच चूल पेटवली, त्यानंच पाणी आत ठेवलं. जैतूनबीनं कडी लावली. बाहेर उभा राहून त्यानं ऐकलं. ज्या बाईनं तिला चोरटी म्हटलं होतं, तिच्या अंगावर पाणी ओतताना ती दरवेळी हळूच म्हणत होती, "थंड नाही ना गो?"

दफन झालं. दुपारच्या नमाजेला जी काही माणसं उरली होती ती मशिदीत जमली. नमाज संपवणारा सलाम फिरवून झाल्यावर दाऊद नाखवा उठून उभा राहिला.

"पाटल्या मी दिल्या होत्या," तो म्हणाला. "शहरबानू जिवंत होती तेव्हा. पलीकडच्या हकिमाला, औषधासाठी. तिच्याच संमतीनं. दुखणं कसलं ते विचारू नका. मुलींची लग्नं व्हायची होती, म्हणून आम्ही ते लपवलं. जैतूनबीनं ते पाहिलं, आणि तिनंही लपवलं. माझ्या मुलींसाठी. आणि मी तुमच्यात बसून तिला चोर ठरवू दिलं. पहिल्या दिवशी जीभ अडली. मग रोज ती जास्तच जड होत गेली."

कुणी त्याला शिवी दिली नाही, कारण शिवी द्यायला त्याच्याहून चांगला माणूस लागतो, आणि तो तिथं कुणी नव्हता.

खतीबसाहेब खुतब्याच्या मिंबराच्या पायरीवर बसले आणि तोंड झाकून रडले. मग म्हणाले, "अल्लाशी केलेला गुन्हा अल्लाह माफ करील. त्याच्या बंद्याशी, माणसाशी केलेला गुन्हा त्या बंद्यानंच माफ करायचा असतो. चला."

सगळं गाव जैतूनबीच्या दाराशी गेलं. ती ओल्या फडक्यानं हात पुसत होती. खतीबसाहेबांनी पगडी काढून उंबऱ्यावर ठेवली. "बी, आम्हाला माफ कर."

गावाला वाटलं होतं, ती रडेल, बोलेल, एकेकाचं नाव घेऊन सुनावेल. त्यांना तेच हवं होतं. ती म्हणाली, "केलं माफ. पगडी उचला, माती लागेल. खालच्या मोहल्ल्यात दोघींच्या मय्यती पडल्यात, मला एकटीला उरकायचं नाही. कोण येतं?"

बस्स. ऊन लागलेल्याला पाणी द्यावं तशी तिनं माफी दिली आणि कामाला लागली. आमचे जुने लोक सांगत, तिनं सुनावलं असतं तर गाव सुटलं असतं. तिनं गावाला असंच सोडलं, आणि ते गावाला पिढ्यान् पिढ्या जड झालं.

चार बायका तिच्यामागून गेल्या. त्यांनाच तिनं सगळं शिकवलं. साथ सरल्यावर पहिल्या पावसाआधी जैतूनबी गेली, आणि त्याच चौघींनी तिला धुतलं. त्या आत असताना गाव बाहेर पाठ फिरवून उभं होतं. असं म्हणतात, तेवढा वेळ खाडीची भरती जिथल्या तिथं थांबली. चौघी बाहेर आल्या त्या हमसून रडत. त्यांनी जैतूनबीच्या अंगावर काय पाहिलं होतं? त्यांनी सांगितलं नाही. आणि पहिल्यांदाच, कुणी विचारलंही नाही.

त्या दिवशी मय्यतीचं पाणी दाऊद नाखव्यानं भरलं. इतकी नोकर माणसं असलेला तो माणूस मशिदीच्या विहिरीपासून भर गावातून डोक्यावर हंडा घेऊन चालत आला. त्याच्यामागे खतीबसाहेब. त्यांच्यामागे तो, ज्यानं बोर तोडली होती.

जैतूनबीच्या कबरीवर आम्ही घुमट बांधलेला नाही, तिचा उरूस भरत नाही. त्या कबरीपुढं आमची मान वर होत नाही, तिथं मेळा कसला भरवणार? पण सावरशेतात एक रीत आहे. कुणी कुणावर खोटा आळ घेतला आणि तो खोटा ठरला, तर त्याला दंड नाही, बहिष्कार नाही. त्यानं पुढच्या मय्यतीचं पाणी भरायचं. दिवसाउजेडी, भर गावातून, डोक्यावर हंडा घेऊन. वाटेत भेटणारा सलाम करतो आणि बाजूला होतो. कुणासाठी, कशासाठी, हे कुणी विचारत नाही. याला 'जैतूनबीचं पाणी' म्हणतात.

हिंदू वाडीतले लोकही ते भरतात, आम्हीही त्यांच्याकडे भरतो. एवढी वर्षं झाली, उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, पण आमच्या गावात मय्यतीला पाणी कधी कमी पडलेलं नाही.