मार्चमध्ये भरलेला अर्ज

"पण मग ती जागा कोरी का, भन्ते?"

विहाराची पायरी चढता चढताच क्षेमाने विचारलं. वंदन करायचंही तिला सुचलं नाही.

खटकलं होतं ते एवढंसंच. विद्यापीठाच्या पोर्टलवर तिच्या नावाखाली 'प्रवेश अर्ज मिळाला' आणि त्यापुढे हिरवी खूण. त्याखाली 'शिष्यवृत्ती'. त्यापुढे काहीच नाही. 'नाकारली' नाही, 'प्रलंबित' नाही... नुसती कोरी जागा. आणि सगळ्यांच्या मागून, रडतखडत अर्ज भरलेल्या वर्गातल्या पल्लवीला मात्र दोन्ही खुणा.

भन्ते सुमेध ओसरीवर बसले होते. पुढ्यात झाकलेलं भिक्षापात्र. वस्तीतून नुकतंच कुणीतरी भोजनदान देऊन गेलं असावं. वरणाचा वास दरवळत होता.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"दाखला जुना होता," क्षेमा म्हणाली. "उत्पन्नाचा. त्याची मुदत मार्चअखेर संपली. नवा एप्रिलपासून निघतो. मी मार्चमध्येच अर्ज भरून मोकळी झाले."

"एवढी घाई?"

"पोर्टल उघडलं त्या सकाळीच भरला. लवकर भरणाऱ्याचा विचार आधी होतो, म्हणे."

"मग झाला की आधी."

तिला हसू आलं नाही. ही पोर लहानपणी रविवारच्या धम्मवर्गात प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हात वर करायची. आता तोच हात विद्यापीठाच्या हेल्पलाइनला लावलेला फोन कानाशी धरून अवघडला होता. गावात रेंज येत नाही, म्हणून ऊन डोक्यावर घेत ती टेकडीवरच्या या विहारात आली होती. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," फोनमधली बाई म्हणाली. "कृपया प्रतीक्षा करा."

"सकाळपासून हेच," क्षेमा म्हणाली. "नवा दाखला पिशवीत आहे माझ्या. पण तिकडून कुणी अर्ज पुन्हा खुला करून दिल्याशिवाय तो जोडता येत नाही. आणि दुरुस्तीचा आज शेवटचा दिवस. बाबांनी स्वच्छ सांगितलंय... शिष्यवृत्ती मिळाली तर एम.एस्सी., नाही तर मामाच्या दुकानात बस."

भन्ते म्हणाले, "जेवलीस का, बाळ?"

"मला एवढंच सांगा, मी लवकर केलं हे चुकलं का? की लवकर करूनही नशीबच..."

फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तोच मंजूळ आवाज.

कट. पुन्हा.

आवारातल्या पंचशील ध्वजाच्या खांबाची सावली आखडत आखडत पायथ्याशी गोळा झाली. भन्त्यांनी एकदा सावलीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"क्षेमा, जेवलीस का?"

"भन्ते, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय..." तिचा आवाज चढला. चढला तसाच खाली आला. भांडायचंही त्राण नव्हतं. ती खांबाला टेकली आणि डोळे मिटले. कानात बाई सांगतच होती, प्रतीक्षा करा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. झाकण वाजलं तशी ती केवढ्यानं तरी दचकली.

भन्त्यांनी पात्र उघडलं होतं. दोन भाकरी, वरण, मेथीची भाजी. कशालाच हात लागला नव्हता. त्यांनी ते उचलून तिच्यापुढे सरकवलं.

"घे. आता सगळं तुझंच."

"आणि तुम्ही?"

त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. खांबाची सावली दुसऱ्या बाजूला उतरली होती.

क्षेमा बघतच राहिली. भन्ते दिवसातून एकदाच जेवतात आणि सूर्य कलल्यावर अन्नाला शिवत नाहीत, हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आता उद्यापर्यंत पाण्यावर.

"तुम्ही थांबलात... माझ्यासाठी?"

"दोघांपुरतं होतं."

"मग सांगायचं नाही का मला!"

"विचारत होतो," भन्ते म्हणाले. "लाइन बिझी होती."

फोन तिने स्पीकरवर टाकून पायरीवर ठेवला. हात धुतले. कधी नव्हे ते हळू बोलली.

"नाही जेवले, भन्ते. काल दुपारपासून."

भन्त्यांनी नुसती मान हलवली.

भाकरी गार झाली होती. तिने तुकडा मोडला, वरणात बुडवला. पहिला घास गिळताना डोळे भरून आले. दुसरा घास उचलला...

फोनमधली मंजूळ बाई वाक्याच्या मध्येच तुटली. खुर्ची करकरली. कुठेतरी स्टीलच्या डब्याचं झाकण घाईघाईनं लावल्याचा आवाज आला.

"हॅलो." खराखुरा आवाज होता, बाईचाच. घोगरा, सकाळपासून बोलून बोलून बसलेला. "हॅलो... बोला पटकन."

घास हातातच राहिला. अर्ज क्रमांक, दाखला, मार्च, एप्रिल, शेवटचा दिवस... सगळं एकदम तिच्या ओठांशी धावून आलं. तिने तोंड उघडलं.

भन्त्यांनी तळहात वर केला.

"आधी त्यांना विचार," ते हळूच म्हणाले, "जेवलात का?"